लेखाशीर्ष : गाळी

अंदाजपत्रक कन्नडात टंकायचं,
बेरीज मात्र मराठीतच होते.
सात नवे त्रेसष्ट म्हणताना ओठ हलतात
आणि समोरच्या टेबलावरून हिरेमठ बाई हसतात.

यंदा वरून एक नवी ओळ आली :
गाळी. म्हणजे हवा.
निपाणीच्या नगरपालिकेत बावीस वर्षं काढली
तरी हा शब्द माझ्या कानात आधी मराठी होऊनच शिरतो.
गाळ. गाळणी. गाळून घेणे.
चुकीचा ऐकू येतो, आणि बरोबरच असतो.

पाण्याला ओळ होती, दिव्यांना होती,
मोकाट कुत्र्यांनाही होती.
हवेला नव्हती.
फुकट होती ना,
फुकटाचं व्हाउचर कोण काढणार?

अठरा लाख चाळीस हजार.
त्यात रस्ते भिजवायला दोन टँकर,
कचरा पेटवणाऱ्यांवर नजर ठेवायला रात्रीची दोन माणसं,
तंबाखूच्या वखारींत भुकटी ओढणारे पंखे
(निम्मे पैसे मालकांचे, ते म्हणाले बघू),
आणि चौकात खांबावर आकडा दाखवणारं एक यंत्र.
खाली बारीक अक्षरात :
एकतीस मार्चपर्यंत न खर्चल्यास परत.

सभेत बाळगोंडा उठले.
"हवा दिसते काय हो कुणाला?
गटार केलं तर दिसतंय.
कमान केली तर वर नाव घालता येतंय.
हवेवर नाव कुठं घालू मी?"
सभागृह हसलं.
इतिवृत्त लिहिता लिहिता मीही हसलो.

घरी जाताना वखारीची गल्ली लागते.
साडेपाचला चाळणीवरच्या बायका सुटतात,
नाकावरचा पदर सोडून झटकतात एकदा,
आणि उतरत्या उन्हात पिवळी भुकटी
माणसाएवढी उभी राहते, क्षणभर.

दिसते हो, बाळगोंडा.

शेजारची सुलाबाई त्यातच असते.
"आधी शिंकायचो बा दिवसभर," म्हणते,
"आता शिंक पण येत नाही. नाक मेलं.
पोरगी मात्र मी घरात आलो की खोकते.
आंघोळ केल्याशिवाय जवळ घेत नाही मी तिला."

मग यंत्राच्या पाटीवरून दोन आठवडे गेले.
चौकाचं नाव कुठल्या भाषेत, कुठलं वर, कुठलं खाली,
कुठलं अक्षर बोटभर मोठं.
मोर्चा निघाला, निवेदन आलं, चहा झाला.
वारा त्या दिवशी कागलकडून होता
की संकेश्वरकडून, कुणी पाहिलं नाही.
शेवटी ठरलं : नाव नको, फक्त आकडा.
आकड्याला भाषा नसते म्हणे.
(मला विचारा.)

मार्चच्या अखेरीस मी आणि हिरेमठ बाई
रात्री दहापर्यंत फाईल घेऊन बसलो.
टेंडर एकच आलेलं, पुन्हा काढायला दिवस नाहीत.
त्या कन्नडात चिडल्या, मी मराठीत,
शिपाई दोघांनाही "होय" म्हणत राहिला.
एक टँकर आला. तीन वखारींत पंखे लागले.
खांब उभा राहिला.
अकरा लाख दोन हजार परत गेले,
माझ्याच सहीनं.

एप्रिलात सुलाबाई खांबाखाली थांबलेली.
"एकशे बेचाळीस. चांगलं की वाईट रे?"
जेवढं कमी तेवढं चांगलं, मी म्हटलं.
"असलं पहिल्यांदाच ऐकतोय," ती म्हणाली,
"मग माझी मजुरी लई चांगली म्हणायची."

तिची वखार त्या तिनांतली.
परवा जिन्यात गाठ पडली,
घाईत होती, हातात रॉकेलचा जुना डबा,
दोन पायऱ्या उतरली आणि वळून सांगितलं,
कुणाचा तरी निरोप सांगावा तसं :
"आज शिंकलो बघ."

नव्या वर्षाचा मसुदा समोर आहे.
गाळीच्या ओळीत गेल्या साली झालेल्या कामाचा तपशील मागितलाय,
एवढासा रकाना.
टँकर लिहिला. पंखे लिहिले.
पेन उचलून बसलोय.